तळं असल्यास प्राधान्य

परीक्षा म्हटली की मी पहिला येतो. हे बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतोय. चौथीच्या स्कॉलरशिपपासून जर्मन ड्रायव्हिंग लायसनच्या लेखी परीक्षेपर्यंत मी दुसरा आलोय, असं एकदाही झालेलं नाही. त्यामुळे गेल्या वर्षी इथे रेगेन्सबर्गला, ऑफिसच्या कँटीनमध्ये, कुणीतरी म्हणालं की बव्हेरियाची शिकारीच्या परवान्याची परीक्षा भलतीच अवघड असते, आपल्या डिपार्टमेंटमधले तिघं बसले आणि तिघंही आपटले, तेव्हा माझा सूपचा चमचा हवेतच थांबला.

"किती प्रश्न असतात?" मी विचारलं.

"शंभर."

बस्स! संध्याकाळी मी फॉर्म भरून मोकळा.

आपला शिकारीशी संबंध काय, हा प्रश्न मला पडला नाही. तो नीलांबरीला, म्हणजे माझ्या बायकोला पडला. "अरे, परवा बाथरूममध्ये कोळी निघाला तर तू कुहूला हाक मारलीस," ती म्हणाली. कुहू आमची मुलगी, वय चौदा. तिने तो कोळी कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडला होता आणि जाताना माझ्याकडे बघून "पाइनलिश, पापा" असं म्हणाली होती. बापाची लाज वाटली की ती हाच शब्द वापरते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि बहुतेक वेळा एवढंच येतं.

सात महिने मी अभ्यास केला. जुन्या प्रश्नपत्रिका जमवून स्वतःचा अपेक्षित प्रश्नसंच काढला. रानडुकराला दात किती? चव्वेचाळीस. कोल्हीण पोटुशी किती दिवस? बावन्न. नेमबाजीत मी काठावर निघालो, ते सोडा, पण लेखीत शंभरपैकी शंभर. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेले शेतकऱ्यांचे धिप्पाड मुलगे माझ्याशी हात मिळवून गेले.

परवाना आला म्हणून रायफल आली. रायफल आली म्हणून कायद्याप्रमाणे पोलादी कपाट आलं. ते कपाट बेडरूममध्ये नीलांबरीच्या शिलाई मशीनच्या जागेवर उभं राहिलं आणि मग लक्षात आलं, की माझ्याकडे परवाना आहे, बंदूक आहे, कपाट आहे, पण बंदूक चालवायला जागाच नाही.

त्याचं असं आहे, इथलं प्रत्येक रान शिकारीसाठी कुणीतरी भाड्याने घेतलेलं असतं आणि तिथे आपल्याला कोण विचारतो? उरतात ती लोकांची कुंपणाच्या आतली आवारं. तिथले उपद्रवी प्राणी मारता येतात, पण मालकाची लेखी परवानगी लागते आणि वर सरकारी कचेरीचा, लांडराट्सआम्टचा शिक्का. शिक्क्याची मला काळजी नव्हती. फॉर्म भरणं हा माझा प्रांत. मालक मिळवणं हा नव्हता.

"दिवाळीपर्यंत परवानगी मिळाली तर ठीक," नीलांबरीने जाहीर केलं. "नाहीतर बंदूक विकायची, कपाट काढायचं आणि माझं मशीन पुन्हा जागेवर."

आता खरं सांगतो. मला कुठल्याही जिवाला मारायची हौस नव्हती. पण शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस नुसत्या परवानगीवर नापास होणार, हे काही सहन होईना.

मी तीन शनिवार खेडी पालथी घातली. पहिल्या घरी नवीकोरी हिरवी टोपी, हिरवं जाकीट, हिरवे मोजे असा गेलो. मालकाला वाटलं नाटकाची तिकिटं विकायला आलोय. दुसऱ्या घरी दुपारी बाराला गेलो, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी, आणि दार उघडलंच नाही. तिसऱ्या घरी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, तुम्हाला आम्ही ओळखत नाही." हे अगदी खरं होतं.

अशा वेळी सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या. सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवलं. त्यांच्या वहीत जमलेल्या लग्नांना लाल टिक असते आणि अशा अकराशे टिका आहेत. मी जेवताना माझी कर्मकथा सांगितली. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"प्रदीपराव, तुम्ही मत मागायला गेल्यासारखे जाता," त्या म्हणाल्या. "अनोळखी माणसाला कोण अंगणात घेईल? आधी बायोडेटा पाठवायचा. मग बैठक. मग होकार. पद्धत असते त्याची."

"आई, अहो हे स्थळ नाही," नीलांबरी म्हणाली.

"परवानगी म्हणजे होकारच की गं. होकार मिळवण्याची पद्धत एकच असते."

मला ते पटलं. तीन शनिवार फिरलेल्या माणसाला काहीही पटतं.

सासूबाईंना त्यांचा फॉर्म तोंडपाठ होता. त्या सांगत गेल्या, कुहू लॅपटॉपवर जर्मन करत गेली. नाव प्रदीप. वय सत्तेचाळीस. उंची पाच फूट सात इंच. वर्ण गव्हाळ. शिक्षण बी. ई. मेकॅनिकल, सर्वत्र प्रथम श्रेणी. नोकरी कायम. घर स्वतःचं. निर्व्यसनी, मनमिळाऊ, निसर्गाची आवड.

"आणि बंदूक?" मी विचारलं.

"पहिल्या पत्रात बंदुकीचं नाव काढायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मुलाला सोडावॉटरचा चष्मा आहे, असं आपण पत्रात लिहितो का? ते बैठकीत कळतं. आता अपेक्षा सांगा."

अपेक्षा माझ्याकडे तयार होत्या. आमच्या उत्तरेला मत्स्यतळ्यांचा पट्टा आहे, घराघरामागे माशांची तळी. त्या तळ्यांच्या बांधांना नुट्रिया नावाचा प्राणी भोकं पाडतो. नुट्रिया म्हणजे आपली घूस समजा, पण मांजराएवढी आणि दात नारिंगी. तिला मारायला कोणी नाही म्हणत नाही, असं पुस्तकात होतं. म्हणून अपेक्षा अशी लिहिली: स्वतःची जमीन असलेली व्यक्ती हवी. तळं असल्यास प्राधान्य. वयाची अट नाही.

खाली फोन नंबर आणि पत्ता. वर फोटो. फोटोसुद्धा सासूबाईंनीच निवडला, माझ्या चुलतभावाच्या लग्नातला फेटा बांधलेला, कारण त्या एकाच फोटोत मी हसतोय.

आता तुम्ही म्हणाल, हे वाचून तुझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? मी कागद बारकाईने तपासला हो. जर्मन व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, एक स्वल्पविराम घातला आणि समाधानाने सही ठोकली. कुहूला वाटलं, भारतात शिकारीची परवानगी अशीच मागत असतील. आणि नीलांबरीने तो कागद वाचला, दोनदा वाचला आणि किचनमध्ये गेली. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

शनिवारी तळ्यांच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात बेकरीच्या फलकावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तो कागद लावला. एका बाजूला जळाऊ लाकूड विकणे आहे, दुसऱ्या बाजूला सशाची पिल्लं फुकट देणे आहे, मध्ये फेटा बांधलेला मी.

बुधवारी पत्र आलं. हाताने लिहिलेलं, जाड पिवळसर कागदावर. "आदरणीय हेर प्रदीप, मी एकाहत्तर वर्षांची आहे. तुम्ही वयाची अट नाही म्हटलंत म्हणून लिहिते. जमीन माझी स्वतःची आहे आणि तळंही आहे. रविवारी तीन वाजता कॉफी आणि प्लमचा केक. तुमच्याशी बोलायला आवडेल. फ्राउ लिंडनर."

मी ते पत्र घरभर नाचवलं. "बघा! किती मुद्देसूद. जमीन, तळं, वेळ, सगळं एका पत्रात."

"आता बैठकीला घरची माणसं हवीत," सासूबाई म्हणाल्या. "एकटा मुलगा गेला की लोकांना शंका येते."

रविवारी तीनला एक मिनिट कमी असताना आम्ही चौघं फ्राउ लिंडनरच्या फाटकाशी उतरलो. सासूबाईंनी मोरपंखी नऊवारी नेसली होती, हातात नारळ आणि बेसनाच्या लाडवांचा डबा. फाटकाबाहेर एक तपकिरी कुत्रा खांबाला बांधलेला होता. आत अंगण, अंगणामागे तळं आणि तळ्याकाठी सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलेलं. टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ, सोनेरी काठाचे कप. कप दोनच होते.

फ्राउ लिंडनर दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा आंबाडा, अंगात ठेवणीतला हिरवा पारंपरिक झगा आणि गळ्याशी चांदीचा ब्रोच. माझ्याकडे बघून त्या हसल्या. मग त्यांनी माझ्यामागे बघितलं.

"या कोण?"

"माझी बायको," मी अभिमानाने सांगितलं. "ही मुलगी. आणि या सासूबाई."

त्यांचं हसू विझलं. तेवढ्यात बाजूच्या शेडमधून एक म्हातारा बाहेर आला. सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या, हातात घडी घातलेला कागद. त्याने घडी उलगडली. फेट्यातला मी.

"बायको असताना लग्नाची जाहिरात?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. जमीन हवी, तळं हवं, वयाची अट नाही. असे भामटे टीव्हीवर रोज दाखवतात. एकट्या बायका गाठायच्या आणि जमिनी लाटायच्या."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा, भर दुपारी. मी नीलांबरीकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी मराठीत विचारलं.

"मला वाटलं, बघू तरी काय स्थळ येतं," ती पुटपुटली. "खरंच कोणी लिहील असं वाटलं नव्हतं रे."

"लग्न नाही, शिकार!" मी जर्मनमध्ये ओरडलो. "मला फक्त बंदूक चालवायची आहे!" आणि पुरावा दाखवायला मी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"हात बाहेर," म्हातारा गरजला. कुत्रा भुंकायला लागला. कुहूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आतून "पाइनलिश" असा आवाज आला.

शेवटी नीलांबरीने पुढे होऊन माझ्या खिशातून परवाना काढला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कँटीन, शंभरपैकी शंभर, कपाट, शिलाई मशीन, वधूवर सूचक केंद्र. त्या फॉर्मात "विवाहित" असा रकानाच नाही, कारण अठ्ठावीस वर्षांत तिथे विवाहित माणूस कधी आलाच नाही. म्हातारा परवाना वाचत होता, मग कागद, मग परत परवाना. हळूहळू त्याच्या मिशा हलायला लागल्या आणि मग तो इतका हसला, की शेडच्या भिंतीला टेकला.

फ्राउ लिंडनर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बेकरीतल्या बायकांनी चेष्टेत लिहायला लावलं. लग्नबिग्न मला कुठे करायचंय? पण चार वर्षं माझ्याकडे कॉफीला कोणी आलेलं नाही." आणि त्यांनी गळ्याशी हात नेऊन तो चांदीचा ब्रोच काढला.

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवानगी गेली खड्ड्यात, आपण एका म्हाताऱ्या बाईला ठेवणीतले कपडे घालायला लावून तिचा पोपट केला, एवढंच मनात राहिलं.

"काय झालं? काय म्हणतात त्या?" सासूबाईंनी विचारलं. नीलांबरीने सांगितलं. सासूबाईंनी नारळ टेबलावर ठेवला, फ्राउ लिंडनरच्या हातातून तो ब्रोच घेतला आणि परत त्यांच्या गळ्याशी नीट लावला. "चूक माझी आहे बाई. फॉर्म माझा," त्या मराठीत म्हणाल्या. "मीसुद्धा एकटीच असते नाशिकला. चला, केक कापा." यातलं एक अक्षर फ्राउ लिंडनरला कळलं नसणार. पण त्यांनी सुरी उचलली.

खुर्च्या कमी होत्या. म्हातारा शेडमध्ये गेला आणि चार खुर्च्या घेऊन आला. त्याचं नाव हेर पिर्झर. आजूबाजूचं सगळं रान शिकारीसाठी त्याच्याकडेच होतं. पण फ्राउ लिंडनरच्या कुंपणाच्या आत त्याला चार वर्षं पाऊल टाकायला बंदी होती, कारण त्याच्या कुत्र्याने त्यांचं लिझल नावाचं बदक खाल्लं होतं. आज तो आत होता, कारण त्यांना भामट्याची भीती वाटली आणि बोलवायला जवळपास दुसरं कोणी नव्हतं.

बोलता बोलता तळ्यातून एक ओलं डोकं वर आलं, नारिंगी दात दाखवून बांधावर चढलं आणि आमच्यादेखत एका भोकात शिरलं.

"अगंबाई, घूस," सासूबाई म्हणाल्या. त्यांना जर्मनीत पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं दिसलं होतं.

"अशी सतरा भोकं आहेत," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "या थंडीत बांध जाईल. मुलगा हॅम्बुर्गहून रोज सांगतो, विकून टाक."

"आल्झो, मी दोनदा लेखी परवानगी मागितली होती," हेर पिर्झर कपाकडे बघत म्हणाले. "लांडराट्सआम्टचा कागदही माझ्याकडे तयार आहे. फक्त हिची सही नाही."

फ्राउ लिंडनरनी त्यांच्या कपात कॉफी ओतली आणि दोन चमचे साखर घालून ढवळली.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघितलंत का प्रदीपराव? चार वर्षं बोलणं नाही म्हणे. आणि साखर किती ते पाठ आहे. खुर्च्या कुठे ठेवल्यात ते त्याला पाठ आहे."

"आई, आपण घुशींसाठी आलोय."

"तुमचं होईल हो. त्याला विचार गं नीलू, त्या बदकाची माफी मागितली होतीस का म्हणावं."

नीलांबरीने विचारलं. "हो," हेर पिर्झर म्हणाले. "लेखी. रजिस्टर पत्राने."

"रजिस्टर पत्राने!" फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

"लेखी माफी कोण मागतं? समोर उभं राहून म्हणायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. याचं भाषांतर करायला कोणी धजेना. शेवटी कुहूने केलं. हेर पिर्झर उठले, टोपी काढली, ती दोन्ही हातात धरली आणि म्हणाले, "लिझलचं मला वाईट वाटलं. तेव्हाच वाटलं होतं." एवढंच. फ्राउ लिंडनरनी समोरची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पेन आणा." त्यांनी आधी माझ्या अर्जावर सही केली आणि मग, जणू सहज, हेर पिर्झरच्याही.

परतताना गाडीत मी गात होतो. मालकाची सही खिशात! सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. "जमेल," त्या म्हणाल्या. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत.

मी सोमवारी सकाळी आठला लांडराट्सआम्टमध्ये अर्ज दिला. एक रकाना रिकामा सोडला नाही. बाई म्हणाल्या, सहा आठवडे. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडेच, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वसुबारसेला शिक्का मारलेला कागद टपालाने घरी आला. दिवाळीच्या आत! मी तो नीलांबरीपुढे धरला. तिने वाचला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली आणि कपाट राहिलं. त्याच्या वरच्या खणात सासूबाईंनी फराळाचे रिकामे डबे ठेवून दिले होते, तिकडे मी काणाडोळा केला.

त्या शनिवारी दुपारी मी टोपी, जाकीट, हिरवे मोजे, रायफल असा जामानिमा करून तळ्याकाठी बसलो. तास झाला. दोन तास झाले. एक बेडूक येऊन गेला. बांधावरची सतरा भोकं ताज्या मातीने नीट बुजवलेली होती.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. आत हेर पिर्झर होते. पायात सपाता, हातात बटाटा आणि सोलणं. त्यांचा कुत्रा चुलीशी आडवा पडला होता.

"कुणाची वाट बघताय?" त्यांनी विचारलं.

"नुट्रियाची."

"अरेरे. शेवटची मंगळवारी संपली," ते म्हणाले. "माझा कागद तयारच होता ना. सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज येतोय." मग जरा लाजून म्हणाले, "आता नुट्रिया नसल्या तरी येतो. पण तुमची परवानगी कायम आहे बरं का. आत या, सूप होतंय."

मी बंदूक रिकामी करून गाडीत कुलपात ठेवली आणि सूप प्यायलो. चांगलं होतं. फ्राउ लिंडनरच्या गळ्याशी ब्रोच होता, साध्या घरच्या स्वेटरवर.

सासूबाई नोव्हेंबरात परत गेल्या. मार्चच्या अखेरीस लांडराट्सआम्टचा वार्षिक फॉर्म आला. परवानगी वापरून वर्षभरात किती प्राणी मारले, त्याचा आकडा भरणे. मी पेन घेऊन अर्धा तास बसलो. मग लिहिलं: शून्य. आयुष्यात पहिल्यांदा मला शून्य मिळालं आणि तेही मीच माझ्या हाताने दिलं. कुहूने वाकून बघितलं. या वेळी ती काही म्हणाली नाही, नुसती माझ्या खांद्यावर थोपटून गेली. ते जास्त लागलं.

रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांना सांगितलं.

"शून्य कसलं प्रदीपराव?" त्या म्हणाल्या. "लिंडनर-पिर्झर, माझ्या वहीत लाल टिक केली आहे मी. तुमच्या नावासकट."

मी विचारून पाहिलं. लांडराट्सआम्टमध्ये ती टिक धरत नाहीत.